द्वादशीची बाटली

या मंडळी, असे जवळ सरकून बसा. मागं खांबाला टेकलेल्यांनीही पुढं यावं, कारण ही कथा लांबून ऐकायची नव्हे, हिला वास आहे. टाळ जरा मांडीवर ठेवा. तुम्हाला एका बाटलीची गोष्ट सांगतो. बाटली बोटभर उंचीची, आत तेल दोन-अडीच तोळे, त्याहून अधिक नाही. पण तेवढ्या तेलापायी काशीतला आपला बालाजी घाट आधी आनंदानं डोलला, मग चिडीचूप झाला, आणि मग पुन्हा डोलला तो निराळ्याच चालीवर.

तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं. घाटावरून वर चढणाऱ्या गल्लीत मराठी मंडळींची घरं दाटीवाटीनं उभी होती. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर पाऊल टाकलं की हिंदी, आणि गंगेत उतरलं की संस्कृत, असा सगळा मामला. त्या गल्लीत अंबिकाबाई राहत. चाळिशी उलटलेली, अंगावर लाल अलवण, हातात कायम काहीतरी काम. कीर्तनाचं त्यांना विलक्षण वेड. घाटावर कुठंही मृदंगावर थाप पडली की चुलीवरची भाजी उतरवून त्या निघायच्या, आणि बायकांच्या बाजूला अगदी पुढं, बुवांच्या पायातल्या चाळाची घुंगरं मोजता येतील इतक्या जवळ बसायच्या.

त्यांचे यजमान पुराण सांगत. एका सकाळी स्नानाला उतरताना पायरीवरच्या शिंपल्यानं त्यांची टाच कापली. कापली ती केवढी, तर तांदळाच्या दाण्याएवढी. तिसऱ्या दिवशी पाय सुजला, पाचव्या दिवशी पू धरला, वैद्य झाले, डॉक्टर झाले, आणि नवव्या दिवशी पुराणाची पोथी उघडीच राहिली. उशाशी त्यांचा पंधरा वर्षांचा धाकटा भाऊ ढुंढिराज बसला होता. त्यानं डॉक्टरला एकच विचारलं, की एवढ्याशा जखमेतून आत गेलं तरी काय? डॉक्टर म्हणाले, डोळ्यांना दिसत नाहीत असे जीव. पोराच्या मनात ते उत्तर असं रुतलं की पुढं तो रसायनशास्त्र शिकला, कॉलेजात मास्तर झाला, लग्न झालं, डोक्यावरचे केस विरळ झाले, तरी निघालं नाही. त्या न दिसणाऱ्या जिवांना मारील असं काही आपल्या मातीत उगवतं का, हेच तो हुडकत राहिला.

आणि काशीत उगवतं ते काय, तर तुळस.

आता तुळस उकळायची म्हटल्यावर घरात जे व्हायचं ते झालंच. ढुंढिराजपंतांची बायको प्रेमला म्हणाली, आता तेवढंच राहिलं होतं. अंबिकाबाई मात्र दोन दिवस विचार करत राहिल्या आणि मग त्यांनीच तोड काढली. आश्विनी पुनवेपासून गल्लीतल्या दहाबारा बायका शेजारच्या पंचगंगा घाटावरच्या बिंदुमाधवाला तुळशीची लाखोली वाहायच्या, लाख पानं, मोजून. दुसऱ्या दिवशी ती उतरली की निर्माल्याच्या पाट्याच्या पाट्या गंगेत जायच्या. तुळस शिळी होत नाही असं शास्त्रच सांगतं. तेव्हा देवाच्या अंगावरून उतरलेला प्रसादच भांड्यात घालायचा, रोपाला हात लावायचा नाही. पुजाऱ्यांनी डोकं खाजवलं, आणि निर्माल्य पायाखाली येणार नसेल तर न्या म्हणाले.

गाजीपूरच्या एका अत्तरवाल्याकडून धनत्रयोदशीपर्यंतच्या बोलीवर तांब्याची देग आणि भपका आला. देग म्हणजे पाला आणि पाणी उकळायचं पोटाळं भांडं, आणि भपका म्हणजे वाफ थंड होऊन जमते ती लांब मानेची सुरई. दोघांमध्ये वेताची नळी, तिचे सांधे मातीनं आणि कापसानं लिंपलेले. अत्तरवाला म्हातारा गच्चीवर बसून अंबिकाबाईंना शिकवून गेला. त्याचं एकच सांगणं, "बहिनजी, आंच धीमी. जल्दी करोगी तो ख़ुशबू रूठ जाएगी." ढुंढिराजपंतांना कॉलेज होतं, म्हणून देग सांभाळायचं काम अंबिकाबाईंकडं आलं. पहाटे पाला भरायचा, सांधे लिंपायचे, गोवऱ्यांची धग सारखी ठेवायची, भपक्यावर गार पाणी घालत राहायचं. संध्याकाळी दीर घरी येईतो बाटली तयार. त्यांनी वहिनींना सांगून ठेवलं होतं की प्रत्येक बाटलीवर पाला कुठल्या दिवशी घातला ते लिहायचं. एकाच पानाच्या तीन वेगळ्या दिवसांच्या तीन बाटल्या हव्यात, कारण शास्त्रात एकदा दिसलेलं खरं धरत नाहीत, तीनदा दिसलं तर जरासं धरतात.

पहिल्या दिवशी भपक्याचं पाणी काचेच्या भांड्यात ओतलं, तेव्हा अंबिकाबाई किती वेळ नुसत्या पाहत राहिल्या. दहा शेर निर्माल्य आत गेलं, आणि पाण्यावर पिवळसर तेलाची एवढीशी चकती तरंगत होती. तुळशीचा हिरवेपणा गेला, पान गेलं, देठ गेला, आणि जे उरलं ते इतकं थोडं आणि इतकं तीव्र, की झाकण काढताच जिन्याच्या तळाशी बसलेली प्रेमला वर बघून म्हणाली, "जाऊबाई, देव वर आला काय?"

पंचमीला पहिली बाटली झाली, नवमीला दुसरी. तिसरी राहिली, आणि अडचण आली ती द्वादशीला.

तुम्हाला ठाऊक आहे, द्वादशीला तुळस खुडत नाहीत. म्हणून मंदिरात एकादशीचीच तुळस धुऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा वाहतात, आणि त्या दिवशी निर्माल्याची पाटी मुळी निघतच नाही. अंबिकाबाई पहाटे मंदिरातून रिकाम्या हातानं परतल्या. दुसऱ्या दिवशी धनत्रयोदशी, देग परत जायची. दिराला तीन बाटल्या कबूल केलेल्या. घाटाच्या पडक्या पायऱ्यांशी सांडपाण्याची मोरी वाहते, तिच्या काठाला रानतुळस माजली होती. खांद्याएवढी झुडपं, पानं मोठी, खरखरीत. हिला कोणी वृंदावनात लावत नाही, देवाला कोणी वाहत नाही, गाढवंदेखील तोंड लावत नाहीत. बाईंनी मनाशी म्हटलं, हीही तुळसच की, कूळ तेच, फक्त देवापर्यंत पोचली नाही. कोयता घेतला, दहा शेर पाला कापला, धुतला आणि देगेत भरला.

त्या दिवशी दोन गोष्टी वेगळ्या झाल्या, त्या त्यांनी पाहिल्या. तेल नेहमीसारखं पाण्यावर चटकन आलं नाही, थेंब मध्येच लोंबकळत राहिले, जणू वर जावं की खाली याचा त्यांचा निर्णय होत नव्हता. आणि वास आला तो विड्यातल्या लवंगेचा. त्यांनी बाटली भरली, चिठ्ठी चिकटवली, आणि बोरूनं स्वच्छ लिहिलं: आश्विन वद्य द्वादशी. आणखी काही लिहिलं नाही. त्यांच्या मते त्यात सगळं आलं होतं. द्वादशी वाचलं की आपल्यातल्या कोणालाही कळेल, ही देवाची तुळस नव्हे.

पण ढुंढिराजपंत दहा वर्षं कॉलेजात होते, मंडळी. तिथं तारखा इंग्रजी असतात.

दिवाळीच्या सुट्टीत प्रयोग झाला. शहरातल्या एका इस्पितळातल्या बंगाली डॉक्टरबाबूंनी सडलेल्या जखमेतल्या पुवाचे जंतू कापसाच्या बोळ्यावर दिले होते. ढुंढिराजपंतांनी काचेच्या चपट्या ताटल्यांत समुद्री शेवाळाची खळ ओतली, ती खरवसासारखी थिजली. तिच्यात जंतूंचं अन्न म्हणून कसलासा रस घातला होता, तो कशाचा ते वहिनींनी विचारलं नाही आणि दिरानं सांगितलं नाही. खळीवर जंतू पसरले, मधोमध नळीनं एकेक खळगा कोरला, त्यात तेलाचा एकेक थेंब सोडला, आणि ताटल्या पत्र्याच्या पेटीत घालून गच्चीवरच्या खोलीत ठेवल्या. प्रेमला गल्लीभर सांगत सुटली की आमच्याकडं देव माजघरात आणि जंतू गच्चीवर, दोघांनाही सोवळ्यातच ठेवतात.

दुसऱ्या दिवशी पेटी उघडली तेव्हा ढुंढिराजपंतांनी वहिनींना बोलावून घेतलं. ताटलीभर सोनेरी ठिपके उठले होते, राळ्याचे दाणे सांडावेत तसे, दाट, चकचकीत. एकेक ठिपका म्हणजे लाखो जीव, असं दिरानं सांगितलं. अंबिकाबाईंनी पदर तोंडाला लावला. ज्यांनी नऊ दिवसांत घर रिकामं केलं, त्यांना त्या आज पहिल्यांदा पाहत होत्या, आणि ते दिसायला सुंदर होते. याचंच त्यांना सगळ्यात भय वाटलं.

मग दिरानं खळग्याकडं बोट केलं. थेंबाभोवती एक स्वच्छ कडं होतं, तिथं एकही ठिपका नाही. पहिल्या दोन बाटल्यांचं कडं अंगठीएवढं, आणि तिसऱ्या बाटलीचं तान्ह्या बाळाच्या वाळ्याएवढं. जंतू त्या रेषेपर्यंत आले होते आणि थांबले होते, जणू कोणी आण घालून ठेवली आहे. खालून नावा वल्हवणाऱ्या मल्लाहांच्या हाका येत होत्या, मंदिरात घंटा वाजत होती, आणि अंबिकाबाई त्या रिकाम्या कड्याकडं डोळे न मिटता पाहत होत्या. नमस्कार करावा असं फार वाटलं, पण कोणाला करावा ते कळेना, म्हणून नुसतेच हात जोडून उभ्या राहिल्या.

ढुंढिराजपंत तिसऱ्या बाटलीवर भाळले. तिच्या तेलात लवंगेच्या तेलातलंच द्रव्य, ज्याला इंग्रज युजेनॉल म्हणतात ते, दहा भागांत सात भाग भरलं. पहिल्या दोघींत तीनच भाग. त्यांनी आडाखा बांधला की आश्विन सरता सरता पान पिकतं आणि त्यात जोर भरतो. रात्रंदिवस त्यांच्या तोंडी तेच. वहिनींना त्या वेळी सांगायचं होतं. दोनदा जिन्यापर्यंत गेल्या. पण दीर इतका आनंदात, चिठ्ठीवर तर लिहिलंच आहे, आणि आपण अडाणी बाई, कदाचित त्यानं जाणूनच धरलं असेल, असं म्हणत त्या खाली उतरल्या. इथंच त्यांची चूक झाली, मंडळी. माणसाला आपलं अडाणीपण कधी कधी फार सोयीचं पडतं.

फराळाला काशीनाथबुवा आले. बुवा म्हणजे त्या घाटाचे कीर्तनकार, आवाज असा की पलीकडच्या तीरावर वाळूत बसून ऐकू यावा. त्यांनी बाटलीचा वृत्तांत ऐकला, लाडू हातातच राहिला, आणि जाताना ती तिसरी बाटली कीर्तनापुरती मागून नेली. कार्तिक शुद्ध नवमीला घाटावरच्या मंडपात त्यांनी कीर्तन लावलं ते तुळशीमाहात्म्याचं. पंचगंगा घाटावर वेळूंच्या टोकांना आकाशदिवे टांगले होते, त्यांची प्रतिबिंबं पाण्यात थरथरत होती. पूर्वरंगात बुवांनी तुळशीचे नियम सांगितले, कधी खुडावी, कधी खुडू नये, द्वादशीला तर नखही लावू नये. आणि उत्तररंगात कमरेची बाटली काढून समईसमोर धरली. म्हणाले, साहेबाच्या शास्त्रानंही मान तुकवली, तुळशीच्या थेंबापुढं लाखो राक्षस कड्याबाहेर थांबले. मग त्यांनी चिठ्ठी वाचली, खणखणीत आवाजात, चाळ वाजवत: आश्विन वद्य द्वादशी.

सगळा मंडप डोलला. दीडशे माणसांत वेदपाठी होते, याज्ञिक होते, एकाच्याही ध्यानात आलं नाही. बुवांनी नियम सांगून घटका झाली नव्हती, त्यांच्याही नाही. बुवा बायकांच्या बाजूला वळले आणि म्हणाले की हे ज्या माउलीच्या हातून झालं ती अंबिकाबाई इथंच बसली आहे. सगळ्या माना वळल्या. शेजारच्या म्हातारीनं वाकून त्यांच्या पायाला हात लावला, आणि अंबिकाबाईंनी पाय असा ओढून घेतला, जणू निखारा लागला.

बाटली घेऊन परतताना ढुंढिराजपंतांनी त्यांना आणखी एक सांगितलं. सोमवारपासून डॉक्टरबाबू इस्पितळात हे तेल जखमांवर वापरणार होते. एका मल्लाहाचा पाय सडत चालला होता, पहिली पट्टी त्याला. तिसऱ्या बाटलीच्या जोराचा हिशेब धरून तेल किती पातळ करायचं ते ठरलं होतं. बाटली दोन दिवसांत संपेल, पण चिंता नाही, कार्तिकात निर्माल्याला तोटा नाही, देग पुन्हा मागवू.

अंबिकाबाईंच्या डोळ्यांपुढं ते अंगठीएवढं कडं आलं. त्यालाच आणखी पातळ करून त्या मल्लाहाच्या पायाला लावणार. आणि मग तिसरा दिवस, पाचवा दिवस, नववा दिवस. हे दिवस त्यांना पाठ होते.

सकाळी ढुंढिराजपंत पाटावर बसले होते. अंबिकाबाईंनी ताट वाढलं, आणि ताटाशेजारी ती बाटली ठेवली.

"भाऊजी, यावरचं वाचा."

त्यांनी वाचलं. म्हणाले, तुमचं अक्षर फार सुरेख.

"द्वादशीला आपल्यात तुळस कोण खुडतं?"

घास हातातच राहिला. प्रेमला स्वयंपाकघराच्या दारात होती, ती तिथंच भिंतीला धरून उभी राहिली. ढुंढिराजपंतांनी चिठ्ठी पुन्हा वाचली, मग वहिनींकडं पाहिलं, मग पुन्हा चिठ्ठीकडं.

"मग ही कशाची?"

"मोरीकाठची रानतुळस. मला वाटलं तुम्ही वाचाल नि समजाल. नंतर कळलं की समजला नाहीत, तरी मी गप्प बसले. त्या माणसाच्या पायाला निर्माल्याचं तेल लावू नका, भाऊजी. त्यात तेवढा जोर नाही."

ढुंढिराजपंत ताटावरून उठले, आणि न जेवता बाहेर पडले. गेल्यावर प्रेमला हळूच म्हणाली, "जाऊबाई, त्यांनी लेख लिहून ठेवलाय हो, शुद्धप्रत काढून. कलकत्त्याला जायचा होता." अंबिकाबाईंनी ताट झाकून ठेवलं आणि देवघरात जाऊन बसल्या. लेखाचं दुःख होतंच. पण त्याहून खोल एक काटा होता, तो त्या कोणाला सांगणार? इतकी वर्षं जिला पाणी घातलं, जिच्यापुढं दिवा लावला, ती हरली होती, आणि जिंकली कोण, तर मोरीकाठची. आणि हे जगाला सांगायचं आपल्या तोंडानं.

दुपारी ढुंढिराजपंत परत आले ते दारातूनच म्हणाले, "वहिनी, कोयता कुठंय? झुडूप दाखवा." ते इस्पितळात जाऊन डॉक्टरबाबूंना थांबवून आले होते, आणि येताना देगेचीही सोय लावली होती. रागावलेले होते का? होते, पण वहिनींवर नाही. गल्ली उतरताना एवढंच म्हणाले, "दहा वर्षं मी जंतू बघायला शिकलो, आणि द्वादशी वाचायची विसरलो."

त्या दिवशी दशमी. तुळस खुडायला हरकत नव्हती. एका दिवसाची, एकाच उन्हातली दोन्ही पानं घेतली. बिंदुमाधवाच्या अंगणातली तुळस बाईंनी क्षमा मागून खुडली, मोरीकाठची ढुंढिराजपंतांनी स्वतः कापली, धोतराला चिखल लागला. या वेळी देगेशी दोघंही बसले. एकादशीला ताटल्या भरल्या, आणि पेटी उघडायची वेळ आली ती पुन्हा द्वादशीला. खाली अंगणात प्रेमला तुळशीच्या लग्नाची तयारी करत होती, वृंदावनाला गेरू लावलेला, उसाचं मखर उभं केलेलं.

पेटी उघडायच्या आधी ढुंढिराजपंतांनी वहिनींना एक खेळ दाखवला, म्हणजे ते त्याला खेळ म्हणाले. लांब, अरुंद मानेची काचेची कुपी घेतली. तिच्यात रानतुळशीचं तेल दहा भाग मोजून घातलं, वर खाराचं पाणी ओतलं आणि पुष्कळ वेळ हलवलं. तेल विरलं. दहा भागांतले तीनच भाग मानेत वर तरंगून आले, बाकी सात पाण्यात गेले, गेले म्हणजे नाहीसेच झाले, पाणी स्वच्छ. मग देवाच्या तुळशीचं तेल तसंच हलवलं. तिथं सात वर आले, तीन विरले. अंबिकाबाईंनी मान खाली घातली.

"थांबा, वहिनी," ढुंढिराजपंत म्हणाले.

त्यांनी दोन्ही कुप्यांतलं खालचं पाणी दोन पेल्यांत काढून घेतलं आणि दोन्हींत थेंब थेंब आम्ल सोडलं. स्वच्छ पाणी दुधासारखं गढुळलं, आणि गढुळातून हळूहळू पिवळे थेंब गोळा होऊ लागले. जे नाहीसं झालं होतं ते परत आलं. या पेल्यात जास्त, त्या पेल्यात कमी. ढुंढिराजपंतांनी काडी बुडवून आधी एक वहिनींच्या नाकाशी धरली, मग दुसरी.

"ओळखा, कुठली कुठली?"

दोन्हींना लवंगेचा वास होता. अंबिकाबाईंनी दोनदा हुंगलं, तीनदा हुंगलं, आणि त्यांना सांगता येईना. एक देवाच्या माथ्यावरची, एक मोरीकाठची, आणि आतलं सत्त्व एक, रेसभर निराळं नाही. निर्गुण सगुण होतं म्हणजे काय ते त्यांनी शेकडो कीर्तनांत ऐकलं होतं, रडल्याही होत्या. पाहिलं नव्हतं कधी.

मग ताटल्या उघडल्या. रानतुळशीभोवती वाळा होताच. पण अंबिकाबाईंची नजर दुसऱ्या ताटलीवर होती. तिथंही कडं होतं. लहान, अंगठीएवढं, पण पुरतं गोल, कुठंही न तुटलेलं. त्यांनी कितीतरी वेळानं श्वास सोडला.

"ही हरली नाही तर," त्या म्हणाल्या.

"हरायला कुस्ती कुठं होती?" ढुंढिराजपंत म्हणाले. "हिचं काम हिच्यापुरतं ही करतेय. मीच हिच्या नावावर दुसरीचं काम मांडत होतो."

खाली मंगलाष्टकं सुरू झाली. या वेळी अंबिकाबाईंनी हात जोडले, आणि कोणाला जोडावेत असा प्रश्न त्यांना पडला नाही.

आता राहिले बुवा. बुवांना सांगायला अंबिकाबाई स्वतः गेल्या, प्रेमलाला सोबत घेऊन. बुवांनी ऐकलं, पानदान मिटलं, आणि तोंड फिरवून बसले. म्हणाले, दीडशे माणसांत मला तोंडघशी पाडलंत. अंबिकाबाई म्हणाल्या, "बुवा, मी नाही पाडलं. तुम्ही नियम सांगितलात तेव्हा मी ऐकत होते. चिठ्ठी वाचलीत तेव्हा तुम्ही ऐकत नव्हतात." प्रेमलानं पदरात तोंड लपवलं. बुवा दोन दिवस घाटावर फिरकले नाहीत. घाटावर कुजबूज झाली, कोणी म्हणालं बाईनं तुळशीचा अपमान केला, कोणी म्हणालं विधवेनं नसत्या उठाठेवी कराव्या कशाला. ज्या म्हातारीनं पायाला हात लावला होता तिनं पाणी भरताना ओळख दिली नाही. अंबिकाबाई नेहमीसारख्या स्नानाला जात राहिल्या.

त्रिपुरी पौर्णिमेला पंचगंगेचा दगडी दीपस्तंभ पेटला, पायरी न पायरी पणत्यांनी भरली, आणि मंडपात मृदंगावर थाप पडली. अंबिकाबाईंचे पाय आपोआप निघाले, पण त्या दिवशी त्या पुढं बसल्या नाहीत, शेवटच्या खांबाआड बसल्या. बुवा उभे राहिले. गळ्यात नेहमीप्रमाणं तुळशीची माळ, आणि चिपळ्यांच्या दोरीला एक मोठ्या पानांची डहाळी खोवलेली. नमन झालं, आणि बुवा गाण्याऐवजी बोलू लागले.

"श्रोते हो, द्वादशीला तुळस खुडू नये हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

लोक म्हणाले, तुम्हीच.

"आणि द्वादशीची तुळस म्हणून बाटली कोणी नाचवली?"

मागून कोणीतरी फिसकन हसलं, आणि सगळा मंडप हसू लागला, बुवाही हसले, डोळे पुसत हसले. मग त्यांनी चिपळीची डहाळी काढली, तळव्यावर चुरगळली आणि तो हात पहिल्या रांगेतल्या माणसाच्या नाकाशी नेला. म्हणाले, पुढं द्या. हातातून हातात ते चुरगळलेलं पान मंडपभर फिरलं, आणि जिथं जिथं गेलं तिथं तिथं माणसं गप्प झाली. आपण रोज नाक मुरडून जिच्या शेजारून जातो तिच्या पोटात हे होतं, आणि आपण एकदाही वाकलो नाही. बुवांनी मग षड्ज लावला, आणि ज्यानं हे लपवून ठेवलं त्याचं नाव असं आळवलं की दीपस्तंभाच्या ज्योती स्थिर झाल्या असं त्या घाटावरचे लोक अजून सांगतात. पान शेवटी खांबाआड पोचलं. ते देणारी तीच म्हातारी होती, आणि पान देताना तिनं अंबिकाबाईंचा हात जरा वेळ आपल्या हातात ठेवला.

तो मल्लाह महिन्याभरानं काठीशिवाय घाट उतरला. डॉक्टरबाबूंनी त्याच्यासाठी नवा हिशेब मांडून, रानतुळशीचंच तेल वापरलं होतं. ढुंढिराजपंतांनी लेख फाडला आणि दुसरा लिहिला, आधीच्याहून लहान. त्यात वहिनींचं नाव घालायचं होतं, पण बाई नको म्हणाल्या, आणि कलकत्त्याला छापून आलं ते एवढंच, की पाने स्थानिक पातळीवर गोळा केली. ते कागद आता कुठं असतील कोण जाणे. बाटलीही राहिली नाही.

पण रानतुळस आहे. कुठल्याही मोरीकाठी, पडक्या भिंतीशी ती तुम्हाला भेटेल. माझं एवढंच मागणं आहे, की भेटली तर एक पान चुरगळा, आणि लवंगेचा तो दरवळ मस्तकात गेला की अंबिकाबाईंची आठवण काढा. जिनं बाटलीवर जे खरं तेच लिहिलं, आणि ते कोणी वाचलं नाही तेव्हा ताटाशेजारी ठेवून वाचायला लावलं.